इसाराचं गणित शिकवणाऱ्या शाळा

फायनान्शियल इंजिनियरिंग, कॉम्प्युटेशनल फायनान्स, मॅथेमॅटिकल फायनान्स, क्वांटिटेटिव्ह फायनान्स... ही नावं ऐकून चार वेगळे विषय असावेत असं वाटतं. पण थोडं वाचलं की लक्षात येतं, बाळ एकच आहे, बारसं मात्र चारदा झालंय. प्रत्येक विद्यापीठाने आत्याच्या हक्काने आपल्या आवडीचं नाव ठेवलंय!

हा विषय माझ्यापर्यंत आला तो धाकट्या बहिणीच्या नातवामुळे. त्याला परदेशात चार ठिकाणी याच विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला आहे. फी आणि राहणं मिळून एके ठिकाणी पाऊण कोटीच्या आसपास आकडा जातो आणि त्यासाठी त्याचे आईवडील राहतं घर तारण ठेवायला निघालेत. घरातले सगळे इंटरनेटवरचे क्रमांक बघतात. कोण पहिला, कोण पाचवा, कोणाचा पगार किती. मी बी.ए. झालेली, जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेला. मला पगाराचं काय कळणार? म्हणून मी या विषयाचा इतिहास वाचायला घेतला. तो इतका रंजक निघाला की इथे लिहिल्याशिवाय राहवेना.

आधी हे गणित कशाचं आहे ते सांगते. आपल्याकडे जमिनीच्या व्यवहारात इसार देतात. समजा, सहा महिन्यांत अमुक भावाने जमीन घेण्याचा हक्क मी आज थोडे पैसे देऊन राखून ठेवला. भाव वाढला तर मी ठरल्या भावाने घेणार, पडला तर इसारावर पाणी सोडून मोकळी होणार. शेअरबाजारातलं ऑप्शन बरंचसं असंच असतं. फरक एवढाच की तिथला इसार किमतीत धरला जात नाही. आता प्रश्न असा, की योग्य इसार किती? उद्याचा भाव तर कुणालाच ठाऊक नाही. या एका प्रश्नाभोवती हा सगळा विषय उभा राहिला.

पहिलं मोठं उत्तर पॅरिसमध्ये मिळालं. १९०० साली लुई बाशलिये नावाच्या तरुणाने सट्ट्याच्या सिद्धांतावर प्रबंध लिहिला. भावाची हालचाल म्हणजे दिशाहीन चाल, असं मानून त्याने गणित मांडलं. आइन्स्टाइनने पाण्यातल्या कणांच्या हालचालीसाठी असंच गणित मांडलं ते पाच वर्षांनी, १९०५ साली. बाशलियेचे परीक्षक होते थोर गणिती आंरी प्वांकारे. त्यांनी कौतुक केलं, पण आमचे उमेदवार सहसा निवडतात त्यांपासून हा विषय जरा दूरचा आहे, असा शेराही मारला. बाशलियेला सर्वोच्च श्रेणी मिळाली नाही आणि कायमची प्राध्यापकी मिळायला १९२७ साल उजाडलं. शेअरबाजार हा गणितज्ञांच्या पंक्तीत बसायचा विषयच नव्हता ना!

पुढे १९५०च्या दशकात शिकागोला हॅरी मार्कोविट्झने गुंतवणुकीची जोखीम गणितात मांडली. त्याच्या पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेत मिल्टन फ्रीडमन म्हणाले की हे अर्थशास्त्रच नव्हे. त्याच कामासाठी १९९० साली मार्कोविट्झला नोबेल मिळालं. १९७३ साली फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांनी इसाराचं सूत्र छापलं, पण त्याआधी दोन नामांकित नियतकालिकांनी तो लेख परत पाठवला होता. ब्लॅकने अर्थशास्त्राची पदवी कधी घेतलीच नव्हती. तो पदार्थविज्ञान आणि गणिताकडून आलेला. रॉबर्ट मर्टनने त्याच वर्षी या सूत्राला भक्कम पाया दिला. त्याची पहिली पदवी इंजिनियरिंगच्या गणिताची. ज्या गणितावर हे सगळं उभं आहे ते जपानच्या कियोशी इतो यांनी १९४०च्या दशकात केलेलं.

सूत्राची गंमत अशी, की भाव वर जाईल की खाली हे सांगावंच लागत नाही. भाव किती हेलकावे खातो एवढं कळलं की पुरे. इसार घेणाऱ्याने मूळ शेअर योग्य प्रमाणात सतत खरेदी-विक्री करत राहिलं, तर त्याची जोखीम कागदोपत्री तरी नाहीशी होते. २६ एप्रिल १९७३ रोजी शिकागोला ऑप्शनचा खास बाजार उघडला, सोळा कंपन्यांच्या शेअरवर. पहिल्या दिवशी फक्त ९११ सौदे झाले. सूत्र आणि बाजार एकाच वर्षी जन्मले आणि दोघांनी एकमेकांना मोठं केलं.

म्हणजे बघा, गणितवाल्यांच्या दृष्टीने हा विषय जरा परका आणि अर्थशास्त्रवाले म्हणणार हा आमचा नाही. त्याला स्वतःचं घरच नव्हतं. सुरुवातीला बँकांनी सरळ भौतिकशास्त्रज्ञच नोकरीला घेतले. इमॅन्युएल डर्मन १९८५ साली गोल्डमन सॅक्समध्ये गेला तो असाच. १९९३ साली अमेरिकन संसदेने टेक्ससमधला प्रचंड सुपरकोलायडर प्रकल्प अर्ध्यावर बंद केला आणि भौतिकशास्त्रातल्या नोकऱ्या आणखी आटल्या. अशा बुद्धिमान माणसांना लोक ‘क्वांट’ म्हणू लागले.

मग विद्यापीठांच्या ध्यानात आलं की हे शिकवताही येईल. पॅरिसमध्ये निकोल एल कारुई या गणितज्ञ बाईंनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस एका बँकेत काही महिने काम केलं, आणि तिथले प्रश्न आपल्याच गणिताचे आहेत हे त्यांना कळलं. १९९०च्या सुमारास त्यांनी सहकाऱ्यांबरोबर संभाव्यता आणि वित्त असा अभ्यासक्रम सुरू केला. पाच मुलांची आई असलेल्या या बाईंचे विद्यार्थी पुढे जगभरच्या बँकांत इतके पसरले, की २००६ साली वॉल स्ट्रीट जर्नलने पहिल्या पानावर त्यांच्यावर लेख छापला. शिक्षिकेवर पहिल्या पानावर लेख! वाचून मला फार बरं वाटलं.

अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलनने १९९४ साली पदवी सुरू केली. १९९६ साली शिकागो, २००१ साली बर्कली, २००२ साली न्यूयॉर्कचं सरकारी बरुक कॉलेज... रांगच लागली. पण कुणाच्या छपराखाली, हे बघण्यासारखं आहे. शिकागोचा आणि बरुकचा अभ्यासक्रम गणितवाल्यांचा. न्यूयॉर्क विद्यापीठातला कुरांट संस्थेत, जिथे आपले चेन्नईचे एस. आर. एस. वरदन यांनी आयुष्यभर संभाव्यतेवर काम केलं आणि २००७ साली आबेल पारितोषिक मिळवलं. बर्कलीचा व्यवस्थापन शाळेत. कार्नेगी मेलनचा चार विभागांचा मिळून. कोलंबियात तर इंजिनियरिंगचा वेगळा आणि गणिताचा वेगळा! बेघर मुलाला एकदम इतके आईबाप मिळाले.

आपल्याकडे हा विषय उशिरा का आला, याचंही उत्तर इतिहासातच आहे. मुंबईच्या बाजारात तेजी-मंदीचे सौदे जुनेच, पण १९५६च्या कायद्याने शेअरवरच्या ऑप्शनना बंदी केली. ती तरतूद १९९५ साली निघाली आणि राष्ट्रीय शेअरबाजारात निर्देशांकावरचे ऑप्शन आले ते जून २००१ मध्ये. बाजारच नाही तर त्याचं शिक्षण कशाला असेल? गणित मात्र होतं. गोपीनाथ कल्याणपूर आणि राजीव करंदीकर या दोघांचं ऑप्शनच्या किमतीवरचं पुस्तक २००० सालचं, म्हणजे बाजाराच्या आधीचं.

आता दुसरी बाजू. १९९७ साली मर्टन आणि शोल्स यांना नोबेल मिळालं (ब्लॅक १९९५ सालीच गेले होते). पुढच्याच वर्षी, हे दोघे भागीदार असलेली लाँग-टर्म कॅपिटल मॅनेजमेंट ही कंपनी कोसळली. भांडवलाच्या पंचवीसपट वगैरे कर्ज काढून व्यवहार चालले होते. रशियाने देणी थकवली आणि सूत्रात न बसणारं घडलं. चौदा बँका-दलालांना ३.६ अब्ज डॉलर घालून ती सावरावी लागली. त्यातून कुणी शिकलं म्हणावं, तर १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्सने दिवाळखोरी जाहीर केली. घरकर्जं एकदम बुडण्याची शक्यता मोजायला डेव्हिड ली यांचं २००० सालचं सूत्र सर्रास वापरलं गेलं होतं. खुद्द ली यांनी २००५ सालीच त्यावर आंधळा विश्वास नको म्हणून सांगितलं होतं. जानेवारी २००९ मध्ये डर्मन आणि पॉल विल्मट यांनी क्वांट लोकांसाठी डॉक्टरांसारखी एक शपथच लिहून काढली. तिचा मथितार्थ असा, की जग माझ्या समीकरणाप्रमाणे चालायला बांधलेलं नाही.

हे सगळं वाचल्यावर मला नातवासाठी चार प्रश्न सुचले.

पहिला, अभ्यासक्रम कुणाच्या घरात वाढलाय? गणिताच्या घरातला मुलगा सिद्धता शिकेल, इंजिनियरिंगमधला प्रोग्रॅमिंग, व्यवस्थापन शाळेतला ओळखीपाळखी. वाईट काहीच नाही, पण पाट्या सारख्या म्हणून माल सारखा नव्हे.

दुसरा, २००८ नंतर तिथे काय बदललं? २०११ साली अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने बँकांना त्यांची मॉडेलं नीट तपासून घ्यायला सांगितलं. म्हणजे सूत्र करणाऱ्याइतकीच ते चुकतं कुठे हे शोधणाऱ्याची गरज निर्माण झाली. ते तिथे शिकवतात का?

तिसरा, वाईट साल आलं तर? हे अभ्यासक्रम बहुतेक वर्ष-दीड वर्षाचे. २००७ साली हौसेने शिरलेली मुलं बाहेर पडली तेव्हा दारं बंद होत होती. मंदी आली तर एवढ्या थोड्या काळात ती ओसरण्याची वाट बघता येत नाही, आणि बँकेचा हप्ता थांबत नाही. व्हिसाचे नियम बदलतात ते वेगळंच. क्रमांकांच्या यादीत पहिल्या वर्षीचा पगार असतो, आपल्या घराचा हप्ता नसतो.

चौथा प्रश्न मला सगळ्यात जड वाटतो. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्याआधीच्या तीन आर्थिक वर्षांत वायदे-ऑप्शनमध्ये व्यवहार करणाऱ्या शंभर सामान्य माणसांपैकी त्र्याण्णव तोट्यात गेली आणि एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. नफा कमावणाऱ्या मोठ्या संस्थांचा जवळजवळ सगळा नफा संगणकी व्यवहारांतून आलेला. म्हणजे एका बाजूला मोबाइलवर नशीब आजमावणारा कुणाचा तरी मुलगा आणि दुसऱ्या बाजूला उत्तम विद्यापीठातून गणित शिकून आलेला आपला मुलगा! सगळे क्वांट असं काम करत नाहीत हे खरं. पेन्शन फंडाची जोखीम मोजणारेही क्वांटच असतात. पण आपण कुठल्या बाजूला बसणार, हा प्रश्न पदवी घेण्याआधी विचारलेला बरा. नंतर पगार विचारू देत नाही.

माझं मत विचाराल तर, चौघांतला जो गणिताच्या घरातला आहे, लहान वर्ग आहे आणि ज्याला घर तारण ठेवावं लागत नाही, तो निवडावा. यादीत तो वरचा नाही, हे मला माहीत आहे. पण भक्कम गणित शिकलेल्या मुलाला बाजार बदलला तरी दुसरं काम मिळेल, आणि अंगावर कर्ज कमी असलं तर नको त्या कामाला नाही म्हणता येईल. शपथ लिहिणं सोपं, ती पाळायची तर खिशात तेवढी मोकळीक लागते.

घरच्यांना हे पटेलच असं नाही. बहिणीचा फोन येईलच! पण तुमच्यापैकी कुणाची मुलं, भाचरं या क्षेत्रात असतील तर त्यांचा अनुभव जरूर कळवा. पैसे भरायची मुदत अजून तीन आठवडे आहे.