मोड, मजुरी आणि जुन्या वस्तूंचे मोल

मंदी आली की जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, हे काही आजचे नाही. कारखान्याच्या फाटकाला टाळे लागते, पेठेत उधारी थकते आणि माळ्यावरची, फडताळातली, देवघरातली वस्तू खाली उतरते. त्याच वेळी ज्याच्या गाठी चार पैसे आहेत असा गृहस्थ म्हणू लागतो की बँकेच्या व्याजात आता राम नाही, शेअरबाजाराचा भरवसा नाही, तेव्हा जुन्या वस्तू घेऊन ठेवाव्यात. त्यांचा भाव पडत नाही. 2020 च्या टाळेबंदीनंतर कुपवाडच्या आणि साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतींतून हिशेब घेऊन बाहेर पडलेल्या काही कामगार बांधवांनी आम्हांला हाच प्रश्न केला. हाती आलेल्या ग्रॅच्युइटीतून जुनी भांडी, जुनी नाणी, जुने दागिने घेऊन ठेवले तर म्हातारपणाची सोय होईल काय? आम्ही अर्थशास्त्राचे पदवीधर नव्हे. आमचे शिक्षण फाटकसभेत आणि नगरवाचनालयात झाले. तरी आमच्या दोन जिल्ह्यांचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास या प्रश्नाला जे उत्तर देतो, ते श्रोत्यांपुढे ठेवावे असे वाटते.

आरंभ 1931 पासून करू. 1929 च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि वर्ष-दोन वर्षांत त्याची झळ कृष्णाकाठी पोचली. शेतमालाचे भाव जवळजवळ निम्म्यावर आले. शेतसारा मात्र रोख आणि ठरलेला. सावकाराचे व्याजही रोखीचेच. गूळ, भुईमूग, हळद विकून भागेना. अशात 21 सप्टेंबर 1931 रोजी इंग्लंडने पौंडाची सोन्याशी असलेली गाठ सोडली. रुपया पौंडाला अठरा पेन्सांच्या दराने बांधलेला. म्हणून पौंडाबरोबर तोही सोन्याच्या हिशेबाने खाली गेला, आणि बावीस रुपयांच्या आतबाहेर असलेले तोळाभर सोने बघता बघता तिशीपलीकडे पोचले. शतकानुशतके बाहेरून सोने आणणारा हा देश सोने बाहेर धाडू लागला. थोड्याच वर्षांत दोनशे कोटी रुपयांहून अधिक किमतीचे सोने देशाबाहेर गेले. याला अडचणीचे सोने असे नाव पडले. सरकारपक्ष म्हणे, भाव चढला म्हणून लोक नफ्याने विकत आहेत. आपले पुढारी म्हणत, निर्यात थांबवा. ती थांबली नाही. नफ्याची गोष्ट ज्याने सोने हौसेने घेतले होते त्याला लागू पडली असेल. सारा भरण्यासाठी गोठ-पाटल्या घेऊन सराफकट्ट्यावर उभ्या राहिलेल्या बाईला ती काय लागू पडणार?

तिला मिळाले काय, हे नीट पाहिले पाहिजे, कारण सगळ्या प्रश्नाचे बीज तेथे आहे. जुना दागिना विकावयास नेला की त्याला मोड म्हणतात. सराफ कसोटीवर कस लावतो, काट्यावर वजन करतो, आत भरलेली लाख वजा करतो, डाखाची घट वजा करतो, आणि उरलेल्या सोन्याचे त्या दिवसाच्या भावाने पैसे देतो. वज्रटीक गुंफणाऱ्या पाटवेकऱ्याचे कौशल्य, ठुशीचा एकेक मणी घडवणाऱ्या सोनाराचे दिवस, चितांगावरची नक्षी, यांची किंमत शून्य. दागिना घेताना मजुरी मोजून दिलेली असते. मोडताना ती कोणी मोजत नाही. दुकानदाराची यात काही लबाडी आहे असे नव्हे, व्यवहाराची रीतच तशी आहे. पण आम्हां संघटनेच्या माणसांना ही रीत ओळखीची वाटते. चालू गिरणीत माणसाच्या हाताला काही किंमत असते. गिरणी बंद पडली की यंत्रे भंगाराच्या भावाने आणि माणसे त्याहून कमी भावाने जातात.

आता याच्या उलट टोकाची गोष्ट. मंदीच्या त्याच दशकात सातारा जिल्ह्याच्या पूर्व अंगाला, औंधास, भवानराव पंतप्रतिनिधी चित्रे आणि शिल्पे जमवीत होते. संस्थान लहान, बहात्तर गावांचे. मुलूख बराचसा कोरडा. 1938 साली यमाईच्या डोंगराच्या उतारावर त्यांनी संग्रहालयाची इमारत उभी केली. राजा रविवर्मा आणि धुरंधर यांची चित्रे, पहाडी आणि राजपूत शैलीची लघुचित्रे, बंगाली चित्रकारांची कामे, हस्तिदंती व चंदनी कोरीवकाम, इतकेच काय, हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराने दगडात घडवलेली आई आणि मूलसुद्धा तेथे आहे. राजेसाहेब स्वतः चित्रकार होते. किर्लोस्करवाडीला आणि ओगलेवाडीला पहिला आधार देणारे हेच, आणि 1939 साली प्रजेच्या हाती कारभार देणारी घटना करणारेही हेच. तरी खरेदीचा पैसा शेवटी कोरडवाहू रयतेच्या घामाचा होता, हे आम्ही विसरू शकत नाही. एका तालुक्यात बाईचा गोठ वजनाने आटत होता आणि शेजारच्या डोंगरावर दुसऱ्या कोणाच्या हातची कारागिरी काचेआड मानाने बसत होती. ती विकली मात्र गेली नाही. 1948 साली संस्थान विलीन झाले. आज तो संग्रह राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे आणि थोडे तिकीट काढून आटपाडीचा धनगरही मूरचे शिल्प पाहू शकतो. गुंतवणूक म्हणून पाहिले तर या खरेदीवर घराण्याला दमडी मिळाली नाही. आमच्या मते इकडच्या सगळ्या खरेद्यांत हीच खरेदी शहाणपणाची ठरली.

कागदांचेही असेच. रद्दीत कागद वजनाने जातो. त्यावर काय लिहिले आहे ते कोणी विचारीत नाही. राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड 1898 साली काढला तो वाईस मिळालेल्या जुन्या कागदांवरून. पारसनिसांनी साताऱ्यात उभा केलेला संग्रह 1939 साली पुण्यास डेक्कन कॉलेजात गेला. तो जपला गेला हे बरेच झाले. सातारकरांना मात्र आपल्याच गावचे कागद पाहावयास पुण्याची गाडी धरावी लागते.

पुढची मोठी लाट भांड्यांची. 1972 च्या दुष्काळात माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यातली माणसे खडी फोडावयास गेली आणि त्यांच्या घरची घंगाळे, हंडे, परात बाजारात गेली. लगोलग स्टेनलेस स्टील स्वस्त होत गेले. पितळेला कल्हई लागते, घासावयाला चिंच लागते. स्टीलला काही लागत नाही. दारावर येणाऱ्या भांडेवालीकडे चार शेरांची पितळी कळशी टाकून बायका आनंदाने दोन स्टीलची पातेली घेत. त्यात फसवणूक झाली असे म्हणणे आम्हांला पटत नाही. पाठीचा श्रम कमी झाला हाही लाभच. मग 18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. गिरणगावात आमच्या दोन्ही जिल्ह्यांतली माणसे फार. महिन्याची मनिऑर्डर थांबली, संप मोडलाच नाही आणि बहुतेकांना गिरणीने परत घेतले नाही. आम्ही तेव्हा शाळेत होतो. आमच्या गल्लीतल्या घराघरांतून त्या वर्षी आधी समया गेल्या, मग तांब्याचे बंब, आणि शेवटी लग्नात आलेली, नाव घातलेली ताटे. त्यांवरच्या नावासकट ती किलोने मोजली गेली. आज तसाच बंब पुण्यातल्या एखाद्या हॉटेलाच्या दारात शोभेला उभा असतो आणि त्याचे नाव अँटिक.

ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील घ्या. 1916 साली कऱ्हाडजवळच्या माळावर निघालेल्या काचकारखान्याने हा कंदील घरोघर नेला. भट्टीपुढे काच फुंकणाऱ्या कामगारांची फुप्फुसे त्या काचेत गेलेली आहेत. वीज आली, कंदील अडगळीत पडला, कारखानाही थांबला. आता काच शाबूत असलेला प्रभाकर कंदील हौशी मंडळी चांगले पैसे मोजून घेतात. वाढलेल्या किमतीतला एक पैसाही त्या कामगारांच्या घरी गेलेला नाही.

तेव्हा जुन्या वस्तूच्या किमतीचे मर्म असे दिसते: मोडीत जी मजुरी शून्य धरली जाते, तीच पुढे दामदुपटीने मोजली जाते, पण ज्याने ती केली त्याला नव्हे, ज्याने मध्ये विकले त्यालाही नव्हे, तर ज्याला थांबणे परवडले त्याला. मंदीत स्वस्त घेता येते हे खरे. मात्र ज्याला पुढच्या मंदीत आपणच विकावयाला निघावे लागणार आहे, त्याला थांबणे परवडत नाही. आमचा कामगार बहुधा या दुसऱ्या वर्गातला.

शिवाय नुसते जुनेपण विकले जात नाही. तांब्याची शिवराई तीनशे वर्षांची परंपरा सांगते, पण ती इतकी पाडली गेली की साधी शिवराई फार महाग नाही. शिवछत्रपतींचा सोन्याचा होन मात्र दुर्मीळ, कारण बहुतेक होन मुशीत गेले. त्याच कारणाने बाजारात खोटे होन पुष्कळ. नवे पितळ तेजाबाने काळे करून जुने म्हणून विकणारेही कमी नाहीत. कायदाही पाहावा. 1972 चा पुरावशेष आणि बहुमोल कलाकृती अधिनियम 1976 पासून लागू आहे. शंभर वर्षांपलीकडची वस्तू, आणि हस्तलिखित असेल तर पंचाहत्तर वर्षांपलीकडचे, पुरावशेषात येते. असा माल खाजगी माणसाला परदेशी विकता येत नाही, त्याचा धंदा करावयास परवाना लागतो आणि काही प्रकारच्या वस्तूंची नोंदणी सक्तीची आहे. म्हणजे गिऱ्हाईक देशातलेच, तेही मूठभर. आणि मंदीत तेही हात आखडतात. मुंबईत 2006 साली शंभर कोटींच्या वर रक्कम जमवून निघालेला एक कलाफंड 2009 साली मुदत भरली तेव्हा पैसे वेळेवर परत करू शकला नाही. चित्रे भिंतीवर होती, घेणारा नव्हता. जाणत्यांची ही गत, मग ग्रॅच्युइटीवर जगणाऱ्याने या वाटेला जाऊ नये, असे आम्ही त्या बांधवांना स्पष्ट सांगितले. घरात आहे ते मात्र घाईने मोडू नका, हेही सांगितले. गहाण ठेवलेली वस्तू परत येण्याची आशा असते. मोडीतली येत नाही.

राहिला प्रश्न, मोडीत गेलेले सोने जाते कोठे? पुष्कळसे आमच्याच मुलांच्या हाती. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव या भागांतल्या हजारो माणसांनी दुष्काळाला कंटाळून गलाईचा धंदा धरला आणि ती केरळपासून बंगालपर्यंतच्या सराफपेठांत पसरली. लहानशा खोलीत भट्टी, मूस आणि तेजाब. कसर असलेल्या सोन्यात तिप्पट चांदी घालून ते आटवायचे, पत्रा करून तेजाबात उकळायचे. चांदी विरघळते, तळाशी तपकिरी भुकटीसारखे सोने राहते. तो पिवळा धूर छातीत जातो. बहुतेकांना ना भविष्यनिर्वाह निधी, ना विमा. यांतल्या मालकांनी गावाकडे बंगले बांधले, हेही खरे. भट्टीवरच्या पोराची गोष्ट वेगळी.

आमच्या ओळखीचा खानापूर तालुक्यातला एक गलाईवाला दक्षिणेत पंचवीस वर्षे हे काम करतो. 2025 साली सोने दहा ग्रॅमला लाखाच्या वर गेले तेव्हा मोडीचा ढीग वाढला, असे तो यात्रेला आला असता सांगत होता. मूस भट्टीत ठेवण्याआधी, एखादा दागिना हाताने घडवलेला दिसला तर तो मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवतो. त्याने आम्हांला काही दाखवले. त्यांत एक पुतळ्यांची माळ होती, चाळीसेक पुतळ्यांची, झिजून कडा गुळगुळीत झालेल्या. वजन त्याला अजून पाठ होते.