स्पर्शपटलाचा मोबाइल : कामगार वस्तीतील ग्राहकाच्या कसोटीवर

पोलादनगरी भिलाईतील खुर्सीपार ही प्रामुख्याने कष्टकऱ्यांची वस्ती आहे. भारत आणि तत्कालीन सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी झालेल्या करारातून भिलाई पोलाद कारखाना उभा राहिला. त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. कारखान्यातील आणि पूरक उद्योगांतील रोजगारासाठी देशाच्या विविध भागांतून कुटुंबे येथे आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. अनेक भाषा, हातांनी करायची कामे, लोखंडाची धूळ आणि कडक उन्हाळा असलेल्या अशा ठिकाणी स्पर्शपटलाच्या, म्हणजेच टचस्क्रीनच्या मोबाइलचे गुण आणि दोष दोन्ही ठळकपणे दिसतात.

स्पर्शपटलाची कल्पना मोबाइलपेक्षा जुनी आहे. ब्रिटिश अभियंता ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्ये बोटाच्या स्पर्शाने चालणाऱ्या पटलाचे वर्णन प्रसिद्ध केले होते. १९९४ मध्ये बाजारात आलेल्या आयबीएमच्या ‘सायमन’ या दूरध्वनी संचाला स्पर्शपटल होते. मात्र या तंत्राचा सर्वदूर प्रसार २००७ मध्ये अॅपलचा आयफोन आल्यानंतर झाला. भारतात आयफोनची विक्री ऑगस्ट २००८ मध्ये सुरू झाली. त्या वेळी त्याची किंमत तीस हजार रुपयांहून अधिक असल्याने तो सर्वसामान्यांच्या आवाक्याबाहेर होता. पुढे अँड्रॉइड प्रणालीवरील स्वस्त संच आले आणि २०१६ नंतर इंटरनेटचे दर घसरले, तेव्हा स्पर्शपटल कामगार वस्त्यांपर्यंत पोहोचले. छत्तीसगड शासनाने २०१८ मध्ये ‘संचार क्रांती योजने’अंतर्गत महिला आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मोफत स्मार्टफोन वाटले. त्याच वर्षाच्या अखेरीस राज्यात सत्तांतर झाल्यावर ती योजना पुढे चालली नाही. तथापि, कळफलकाचा मोबाइल कधीही न वापरता थेट स्पर्शपटल हाताळणारा वर्ग तिच्यामुळे वाढला.

लिपीची अडचण दूर

ग्राहकाच्या दृष्टीने स्पर्शपटलाचा सर्वांत मोठा गुण म्हणजे त्यावर कायमची कोरलेली कळ नसते. जुन्या संचातील बारा कळांच्या फलकावर सहसा इंग्रजी अक्षरे छापलेली असत. देवनागरीत संदेश लिहायचा, तर एका अक्षरासाठी तीच कळ अनेकदा दाबावी लागे, आणि जोडाक्षर जुळवता जुळवता पुष्कळजण कंटाळून रोमन लिपीकडे वळत. स्पर्शपटलावर कळफलक हे केवळ चित्र असते. त्यामुळे तोच संच वडिलांसाठी मराठी, शेजाऱ्यासाठी तेलुगू आणि मुलीसाठी इंग्रजी कळफलक दाखवू शकतो. बोटाने अक्षर गिरवून लिहिण्याची सोयही आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलने बोलून मजकूर लिहिण्याच्या सुविधेत मराठी आणि तेलुगूसह आठ भारतीय भाषांची भर घातली. ज्यांचा लिहिण्याचा सराव सुटला आहे, त्यांना तिचा विशेष उपयोग होतो.

चित्र मोठे करून पाहणे, दूरच्या नातेवाइकांशी समोरासमोर बोलणे, नकाशा पाहणे आणि दुकानातील चौकटीचे छायाचित्र घेऊन पैसे देणे या सोयी मोठ्या पटलामुळेच सुलभ झाल्या. आर्थिक व्यवहारांची यूपीआय ही प्रणाली २०१६ मध्ये सुरू झाली. ती साध्या संचावरून अधिक सुलभपणे वापरण्याची सोय रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये केली. मधल्या सहा वर्षांत स्पर्शपटल नसणाऱ्यांची किती गैरसोय झाली असेल, याची त्यावरून कल्पना येते.

हात आणि काच

ज्या गुणामुळे लिपीची अडचण सुटली, त्याच्याच पोटी दोषही जन्मला. कळ नाही, म्हणून बोटाला आधारही नाही. जुन्या कळफलकावर पाचच्या कळीवर एक बारीक उंचवटा असे. त्याच्या आधाराने अंधारात, खिशात किंवा न पाहताही क्रमांक फिरवता येई. काचेवर मात्र प्रत्येक कृतीसाठी नजर खिळवावी लागते. दृष्टिहीनांसाठी २००९ पासून पटलावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या सुविधा आल्या आणि त्या उपयुक्त ठरल्या आहेत. परंतु त्या शिकून घ्याव्या लागतात. उंचवट्याची कळ शिकवावी लागत नव्हती.

ही मर्यादा शासकीय नियमांतही उमटलेली दिसते. संकटकाळी मदत मागण्याच्या कळीबाबत केंद्र सरकारने २०१६ मध्ये केलेल्या नियमांनुसार, साध्या संचात पाच किंवा नऊ क्रमांकाची कळ दाबून धरण्याची तरतूद आहे. स्मार्टफोनसाठी चालू-बंद करण्याची कळ लागोपाठ तीन वेळा दाबण्याचा पर्याय ठेवण्यात आला. म्हणजे स्पर्शपटलाच्या संचातही आणीबाणीसाठी बोटाला जाणवणारी खरी कळच उपयोगी पडते.

दुसरा दोष स्पर्श ओळखण्याच्या पद्धतीत आहे. आजच्या बहुतेक संचांत काचेखाली पारदर्शक विद्युतवाहक थराची जाळी असते. बोट टेकताच त्या जागेची विद्युतधारिता बदलते आणि संचातील नियंत्रक त्यावरून स्पर्शाचे स्थान ठरवतो. येथे दाबाला महत्त्व नाही, बोटाच्या वाहकतेला आहे. म्हणूनच नखाने, लाकडी काडीने किंवा जाड हातमोज्याने हे पटल सहसा प्रतिसाद देत नाही. वर्षानुवर्षे अवजारे हाताळून ज्यांच्या बोटांना घट्टे पडले आहेत, किंवा ज्यांची त्वचा फार कोरडी आहे, त्यांचा स्पर्श क्षीण नोंदला जातो. याउलट काचेवर घामाचा थेंब पडला, तर न केलेला स्पर्शही नोंदला जाऊ शकतो. ‘मोबाइल माझे ऐकत नाही’ ही ज्येष्ठ ग्राहकाची तक्रार अनेकदा अज्ञानातून आलेली नसते. तिच्यामागे हे साधे विज्ञान असते.

पूर्वीच्या काही संचांत दाबावर चालणारे पटल असे. २००८ मध्ये जाहीर झालेला नोकियाचा ५८०० हा त्याचा परिचित नमुना होय. दोन पातळ थर दाबाने एकमेकांना टेकले, की स्पर्श नोंदला जाई. त्यामुळे नख, लेखणी, हातमोजा काहीही चाले. मात्र त्याची पृष्ठे मऊ असल्याने त्यांवर लवकर ओरखडे पडत आणि चित्रही तितके स्वच्छ दिसत नसे. बाजाराने स्वच्छ चित्र निवडले. त्यात हातमोजा घालणाऱ्या कामगाराची सोय मागे पडली.

ऊन, धूळ आणि दुरुस्ती

भिलाई परिसरात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. अनेक उत्पादक मात्र संच ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा असे सुचवतात. तापलेला संच स्वतःचे रक्षण करण्यासाठी पटलाचा उजेड कमी करतो, बॅटरी भरणे थांबवतो. नेमक्या भर उन्हात अक्षरे दिसेनाशी होतात, ती यामुळेही. लोहकण मिसळलेल्या धुळीचा त्रास निराळाच. संचातील ध्वनिवर्धकात चुंबक असल्याने असे कण त्याच्या जाळीकडे ओढले जातात आणि आवाज मंद होतो.

सर्वांत महाग दोष म्हणजे काच फुटणे. पुष्कळ संचांत वरची काच, स्पर्शाचा थर आणि चित्र दाखवणारा भाग एकमेकांना चिकटवलेले असतात. त्यामुळे केवळ काच तडकली, तरी संपूर्ण जोडणी बदलावी लागते. स्वस्त संचाच्या बाबतीत हा खर्च नव्या संचाच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतो. रोजंदारीवर काम करणाऱ्या कुटुंबात एकच मोबाइल असेल, तर फुटलेल्या काचेबरोबर बँकेचा व्यवहार, कामाचा निरोप आणि मुलांचा अभ्यास एकाच वेळी खोळंबतो.

खरेदीपूर्वी

हे लक्षात घेता ग्राहकाने संच दुकानातच स्वतःच्या हाताने पारखून घेणे हिताचे ठरते. जो तो वापरणार आहे, त्याच्याच बोटाने, आणि संरक्षक काच लावून क्रमांक फिरवून पाहावा. हातमोजा घालून काम करावे लागत असल्यास स्पर्शाची संवेदनक्षमता वाढवण्याची सोय आहे का, ते पाहावे. दुकानाबाहेर उन्हात पटल वाचून पाहावे. पटल बदलण्याचा खर्च आधीच विचारावा. ‘आयपी’ या अक्षरांनंतरचा पहिला अंक धुळीपासून आणि दुसरा पाण्यापासून किती संरक्षण आहे हे सांगतो. तथापि, पाण्याने झालेल्या बिघाडाला हमी सहसा लागू होत नाही.

पावती जपून ठेवावी. सदोष संचाबाबत विक्रेत्याकडून दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येते. कायद्याने तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत दिली असून, पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क आकारले जात नाही. दुरुस्तीची माहिती ग्राहकाला सहज मिळावी, यासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा अधिकार’ हे संकेतस्थळही सुरू केले.

कळांचे संच आजही विकले जातात, ते केवळ किमतीमुळे नव्हे. पडले तरी चालणारा, बॅटरी दीर्घकाळ टिकणारा आणि न पाहता वापरता येणारा संच अनेक घरांत स्पर्शपटलाच्या जोडीला ठेवला जातो. खुर्सीपारसारख्या वस्तीत पाळीवर जाणाऱ्याच्या खिशात साधा संच आणि घरी सर्वांसाठी एक मोठे पटल, ही विभागणी व्यवहाराला धरूनच आहे.