वाशीमचा राजा आणि अजिंठ्याच्या बासरीवाल्या

आजच्या भागात असं संगीत, ज्याचा आवाजच उरलेला नाही. फक्त चित्र उरलंय.

सुरुवात वाशीमपासून करू. १९९८ पर्यंत वाशीम अकोला जिल्ह्यातच होतं. त्याचं जुनं नाव वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. पाचव्या शतकात तिथे हरिषेण राजा होता. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं १६ नंबरचं लेणं कोरवून घेतलं, तसा शिलालेखच आहे तिथे. म्हणजे अजिंठ्यामागे आपल्या वऱ्हाडातला दरबार होता. अमरावती-अकोल्यात हे कोणी सांगतच नाही, बरं का!

आता १ नंबरच्या लेण्यात या. सगळी गर्दी पद्मपाणीपुढे. तुम्ही डाव्या भिंतीकडे वळा. तिथे महाजनक जातकाची गोष्ट रंगवलीय. राजाला संन्यास घ्यायचाय, त्याचं मन संसारात रमावं म्हणून नाचगाणं चाललंय. मधे नर्तकी, भोवती वादक बायका. कोणी आडवी बासरी ओठांशी धरलीय, कोणाकडे ढोलकं, कोणाकडे झांजा. सतार नाही, तबला नाही. ती वाद्यं कितीतरी शतकांनंतरची.

गोष्ट मिथिलेच्या राजाची. पण चित्रकाराने वाद्यं कुठून आणली असतील? मला वाटतं, स्वतः पाहिलेली, ऐकलेलीच काढली. त्या काळचं रेकॉर्डिंग नाही, पण बासरी कशी धरायचे, ढोल-झांजांच्या साथीला ती कशी बसायची, हे या भिंतीने जपलंय. आणि गंमत बघा, या मैफिलीचा राजावर काहीच परिणाम होत नाही. तो निघून जातो!

राजाचं नाव आपल्याला माहीत, मंत्र्याचं माहीत. वाजवणाऱ्या बायकांचं नाही, रंगवणाऱ्याचंही नाही.

भिंतीचा भरवसा नव्हता, म्हणून नकला काढल्या गेल्या. रॉबर्ट गिलने १८४४ पासून वर्षानुवर्षं काढलेल्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्सने मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या पोरांना घेऊन पुन्हा काम केलं; पेस्तनजी बोमनजी त्यांच्यातलेच. त्यातल्याही बऱ्याच नकला १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. उरलेल्यांवरून ग्रिफिथ्सने ग्रंथ छापला.

मूळ चित्राचे फोटो आता मोबाइलवर मिळतात. झूम करा आणि आधी बासरीवालीची बोटं पाहा.