घाटशीळची वाट

महाबळेश्वरला पायी हिंडायचे म्हणजे एका पॉइंटवरून दुसऱ्यावर. नावे कुणाची? विल्सन, लॉडविक, आर्थर! आम्हा सोलापूरकरांचा डोंगर मात्र वेगळा. सुमारे ४५ किलोमीटरवर, बालाघाटाच्या कडेला वसलेले तुळजापूर. देवीचा गाव डोंगरावर, पण देवळात जायला पायऱ्या उतराव्या लागतात. गावाला लागूनच घाटशीळ. इथून देवीने प्रभू रामचंद्रांना लंकेची वाट दाखवली, अशी श्रद्धा आहे. पायी फिरणाऱ्यांच्या गावाला याहून शोभणारी कथा मला तरी ठाऊक नाही. पावसाळा सरता सरता एकदा जाऊन या, मंडळी. सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येते.

साहेब इथेही आला होता. १८५३ मध्ये निजामाने नळदुर्गचा मुलूख कंपनीकडे सोपवला आणि तिथला कारभार मेडोज टेलर पाहू लागला. ठगांवरच्या कादंबरीने गाजलेला तोच हा टेलर. १८६३ च्या त्याच्या ‘तारा’ कादंबरीची नायिका तुळजापूरच्या शास्त्रीबुवांची लेक आहे! म्हणजे गावाने त्याला भुरळ घातली असावी. पण १८६० मध्येच हा मुलूख निजामाकडे परत गेला होता, आणि इथे साहेबांचे थंड हवेचे ठिकाण काही उभे राहिले नाही. वाटेवर आधीपासून यात्रेकरूंचाच हक्क होता.

तो आजही आहे. कोजागरीला सोलापूरहून हजारो माणसे तुळजापूरला चालत जातात. बायका, म्हातारी माणसे, गिरणगावातली पोरे. कितीतरी जण अनवाणी.