रेघ कल्याणची, जागा टेंभीची

संस्कृत परंपरेत समास, म्हणजे दोन पदांचा एकजीव झालेला जोडशब्द, अखंडच लिहिला जाई. पदांमधली आडवी रेघ, अर्थात संयोगचिन्ह, एकोणिसाव्या शतकात इंग्रजी विरामचिन्हांबरोबर मराठीत आली आणि ती चिन्हे रुळवण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. १९८३ साली स्थापन झालेल्या कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या नावात ही रेघ ‘आणि’चे काम करते, कारण तो द्वंद्व समास असून त्यातील दोन्ही पदे समान तोलाची मानली जातात (डोंबिवलीकरांना हे पटेलच असे नाही). ठाण्यातला टेंभी नाका मात्र टेंभीचा नाका, म्हणजे दुसरे पद प्रधान असलेला तत्पुरुष समास; तो ‘टेंभीनाका’ असा जोडूनही लिहितात, परंतु मध्ये रेघ ओढली, तर टेंभी आणि नाका ही दोन शेजारची गावे वाटू लागतील.