हुंडी, चेक, कार्ड : परदेशात पैसा सांभाळण्याची गोष्ट

आजच्या भागाची सुरुवात एका घरगुती प्रसंगानं करतो.

माझी मावशी आणि काका या उन्हाळ्यात पहिल्यांदाच युरोपला निघाले. निघायच्या आदल्या रविवारी मी भेटायला गेलो, तर मावशीनं मोठ्या कौतुकानं गळ्यात अडकवायची नवी छोटी बॅग दाखवली. त्यात दोघांची कार्डं, दोन्ही पासपोर्ट, तिचा फोन आणि एका चिठ्ठीवर दोन्ही कार्डांचे पिन. "सगळं एका जागी असलं म्हणजे शोधाशोध नको," ती म्हणाली. मी म्हटलं, "मावशी, चोरालाही शोधाशोध नको."

काका हसले. मला मात्र हसू आलं नाही. २०१९ साली इटलीतल्या एका रेल्वे स्टेशनवर माझा फोन गेला होता. फोनच्या कव्हरला मागे खण होता आणि त्या खणात माझं क्रेडिट कार्ड होतं. म्हणजे कार्ड गेलं, बँकेचं ॲप गेलं, आणि हेल्पलाइनचा नंबर कार्डाच्या पाठीवर छापलेला असल्यामुळे तोही गेला. एका सहप्रवाशाच्या फोनवरून ठाण्याला भावाला गाठलं. त्यानं नंबर शोधून दिला. कॉल सेंटरमधली मुलगी अगदी नम्रपणे म्हणाली, "सर, तुमच्या रजिस्टर्ड मोबाईलवर ओटीपी आला आहे, तो सांगा." तो मोबाईल त्या वेळी चोराच्या खिशात होता! कार्ड बंद होईपर्यंत सहा व्यवहार झाले होते, साधारण ३१ हजार रुपयांचे. पैसे शेवटी परत मिळाले, पण चार महिने गेले. इटालियन पोलिसांच्या कागदाचं भाषांतर करून द्यावं लागलं ते वेगळंच.

त्यानंतर मी या विषयाचा इतिहास वाचायला घेतला. परक्या मुलखात पैसा न्यायचा आणि तो वाटेत जाऊ द्यायचा नाही, हा प्रश्न फार जुना आहे. त्यावर लोकांनी वेगवेगळ्या काळात काढलेल्या उत्तरांमध्ये मला एक समान धागा दिसला. तो आज तुमच्यासमोर ठेवतो.

सुरुवात आपल्याकडच्या हुंडीपासून करू. रोकड घेऊन जंगलवाटेनं जाण्यापेक्षा व्यापारी एका गावच्या सराफाकडे पैसे भरायचा आणि दुसऱ्या गावच्या पेढीवरची हुंडी घेऊन निघायचा. सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरलेला फ्रेंच व्यापारी टॅव्हर्नियर यानं लाहोर, आग्रा अशा शहरांतून सुरतेवर काढलेल्या हुंड्यांचे दर आपल्या प्रवासवर्णनात नोंदवून ठेवले आहेत. या सेवेच्या आकाराला आपल्याकडे 'हुंडणावळ' असा छान शब्द आहे. तो लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता या कागदातली सुरक्षा बघा. रक्कम नुसती आकड्यात लिहीत नसत. शंभर रुपये असतील तर त्यांचे निमे पन्नास, पन्नासाचे दुप्पट शंभर, अशी फोड करून लिहीत, म्हणजे कुणाला शून्य वाढवता येऊ नये. शाहजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या 'शाहा'लाच मिळत, त्यामुळे रस्त्यावरच्या लुटारूला ती हाती लागून उपयोग नसे. हुंडी हरवली तर दुसरी प्रत मिळे, तिला म्हणत 'पेठ'. तीही हरवली तर 'परपेठ'. आणि हुंडी काढली आहे असं कळवणारं पत्र पेढीला वेगळ्या वाटेनं जाई. म्हणजे पैशाचा कागद प्रवाशाबरोबर आणि त्याची खात्री दुसरीकडून. एकाच माणसाला लुटून दोन्ही हाती लागत नसत.

आता युरोपात जाऊ. तिथेही व्यापाऱ्यांच्या हुंड्या होत्याच, पण हौसेनं फिरणाऱ्या श्रीमंत इंग्रज प्रवाशाची अडचण वेगळी होती. कुठल्या शहरात किती दिवस राहणार हे त्याचं त्यालाच ठाऊक नसे. रॉबर्ट हेरीज नावाच्या बँकरनं १७७२ मध्ये लंडनहून 'सर्क्युलर नोट' सुरू केली. ठरावीक रकमेची ही नोट युरोपातल्या अनेक शहरांत वटवता यायची. तिच्या जोडीला एक ओळखपत्र असे, त्यावर प्रवाशाची नमुना सही. आणि बँका प्रवाशाला बजावत की नोटा एकीकडे ठेवा आणि हे पत्र दुसरीकडे. एकत्र ठेवाल तर चोराला सहीसुद्धा आयतीच मिळेल!

मावशीची बॅग आठवली ना?

पुढचं पाऊल अमेरिकन एक्सप्रेसचं. कंपनीचे अध्यक्ष जे. सी. फार्गो १८९० च्या सुमारास युरोपला गेले आणि मोठ्या शहरांबाहेर त्यांचं पतपत्र वटवून घेताना मेटाकुटीला आले, अशी कंपनीत सांगितली जाणारी गोष्ट आहे. परत आल्यावर त्यांनी मार्सेलस बेरी या आपल्या अधिकाऱ्याला कामाला लावलं. बेरीनं तोडगा काढला तो दोन सह्यांचा. एक सही चेक घेताना करायची आणि दुसरी वटवताना, समोरच्या माणसाच्या डोळ्यांदेखत. ५ ऑगस्ट १८९१ रोजी जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये फार्गोंच्या मुलानं असा पहिला चेक वटवला. इथे खात्रीचा दुसरा भाग कागदावर नव्हताच, तो प्रवाशाच्या हातात होता. चेक हरवले तर नंबर सांगून बदली मिळत, म्हणून चेकचे नंबर वेगळ्या कागदावर लिहून ठेवायचे. आपली पेठ-परपेठच म्हणा की! १९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटलं आणि युरोपात अमेरिकन प्रवासी अडकले, अनेकांची पतपत्रं कुणी घेईना, तेव्हा या चेकांचे पैसे मिळत राहिले. त्यांची पत खरी वाढली ती तिथे.

आपल्याकडे मात्र स्वातंत्र्यानंतर बराच काळ प्रश्न वेगळाच होता. सांभाळायला परकीय चलन होतंच कुठे? १९७० च्या दशकात परदेशी निघालेल्या कित्येक भारतीयांच्या खिशात जेमतेम आठ डॉलर असत. ज्यांचे वडील किंवा काका त्या काळात शिकायला गेले, त्यांनी ही गोष्ट घरी ऐकली असेल. रिझर्व्ह बँकेची लिबरलाइज्ड रेमिटन्स योजना आली ती २००४ मध्ये, २५ हजार डॉलरच्या मर्यादेनं. आज ती मर्यादा वर्षाला अडीच लाख डॉलर आहे. म्हणजे परदेशात पैसा सांभाळण्याचा अनुभव आपल्या बहुतेक घरांत एकाच पिढीचा आहे. मावशीची चूक समजून घ्यायला हे पुरेसं आहे.

आता कार्डाकडे येऊ. १९५० मध्ये न्यूयॉर्कला डायनर्स क्लब सुरू झाला, तेव्हाचं कार्ड पुठ्ठ्याचं होतं. मग प्लॅस्टिक आलं आणि त्यावर चुंबकीय पट्टी आली. आयबीएमचे इंजिनियर फॉरेस्ट पॅरी यांना ती पट्टी प्लॅस्टिकवर नीट चिकटवता येत नव्हती. पत्नी कपड्यांना इस्त्री करत होती, ती म्हणाली, इस्त्रीनंच चिकटवून बघू. आणि जमलं!

पण या सोयीत जुनं शहाणपण मागे पडलं. पट्टीवरची माहिती दर वेळी तीच असते, त्यामुळे ती एकदा कॉपी केली की दुसरं कार्ड तयार. खात्रीची सही कुठे? कार्डाच्याच पाठीवर! ज्या गोष्टी हेरीजच्या काळात दोन खिशांत ठेवायला सांगत, त्या आपण एकाच प्लॅस्टिकच्या दोन बाजूंना छापल्या. एटीएमचा पिन तेवढा डोक्यात उरला. तोही मिळवायला चोरांनी कार्ड घालायच्या खाचेवर कॉपी करणारं यंत्र आणि बटणांच्या वर बारीक कॅमेरा बसवला. दोन भाग पुन्हा एकत्र आले.

याला उत्तर म्हणून चिप आली. फ्रान्समध्ये रोलाँ मोरेनो यांनी १९७४ मध्ये तिचं पेटंट घेतलं आणि तिथल्या बँकांनी ती सगळ्यात आधी सर्रास वापरली. चिप प्रत्येक व्यवहाराला नवा सांकेतिक आकडा तयार करते, त्यामुळे जुना चोरून उपयोग नसतो. अमेरिकेनं मात्र पट्टी फार काळ सोडली नाही. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेनं पट्टीची जुनी कार्डं बदलायला ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत दिली.

त्या मुदतीच्या चारच महिने आधी आपल्या पुण्यात काय झालं, हे अनेकांना आठवत असेल. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ ला कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला आणि सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्यातला मोठा भाग बनावट कार्डं वापरून २८ देशांतल्या एटीएममधून काढला गेला. खातेदार पुण्यात घरी आणि त्यांच्या कार्डांच्या नकला जगभर फिरत होत्या. पैसे द्यायचे की नाही हे विचारणारा संदेश बँकेच्या खऱ्या यंत्रणेपर्यंत पोचूच दिला नव्हता, मधल्या मध्येच खोटा होकार जात होता. खात्री देणारी वाटच चोरांनी ताब्यात घेतली होती.

आता आजच्या प्रवाशानं काय करायचं? मी मावशीला जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो.

पहिलं, दोन कार्डं न्या, शक्यतो दोन बँकांची, आणि ती दोघांकडे वेगवेगळी ठेवा. फोन तिसऱ्या जागी. पिन फक्त डोक्यात. हेल्पलाइनचे नंबर एका कागदावर आणि घरी मुलांकडेही. हीच आपली पेठ.

दुसरं, १ ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डाचे परदेशी, ऑनलाइन आणि टॅप करून द्यायचे व्यवहार तुम्हाला स्वतः चालू-बंद करता येतात, मर्यादाही घालता येते. निघताना लागेल तेवढंच चालू करा, परतल्यावर बंद. परदेशी वेबसाइट अनेकदा ओटीपी विचारतच नाहीत, म्हणून ऑनलाइन व्यवहार बंद असलेले बरे. शक्य असेल तर ठरावीक रक्कम भरलेलं फॉरेक्स कार्ड वापरा. गेलं तरी बचत खात्याला धक्का नाही.

तिसरं, एटीएम बँकेच्या शाखेतलं निवडा आणि पिन दाबताना दुसरा हात वर धरा. क्रेडिट कार्डानं रोख काढू नका, त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

चौथं म्हणजे हुंडणावळ! दुकानातलं मशीन विचारतं, रुपयात देणार की युरोत? आपले रुपये बघून बरं वाटतं, पण तो दर दुकानाच्या बाजूनं ठरलेला आणि बहुतेक वेळा महाग असतो. स्थानिक चलनच निवडा. आपल्या बँकेचा आकार साधारण २ ते ३.५ टक्के आणि त्यावर जीएसटी असतो, तो निघण्याआधी विचारून घ्या.

आणि शेवटचं, काही झालं तर लाजू नका, लगेच कळवा. २०१७ च्या नियमानुसार तुमची चूक नसताना बाहेरच्या कुणी गैरव्यवहार केला आणि बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही तक्रार केलीत, तर भुर्दंड तुमच्यावर येत नाही. पिन लिहिलेली चिठ्ठी कार्डाबरोबर सापडली, तर मात्र "माझी चूक नव्हती" हे पटवणं कठीण.

मावशीनं सगळं ऐकून घेतलं. ती चिठ्ठी माझ्यासमोर फाडली आणि एक कार्ड काकांच्या आतल्या खिशात गेलं. मग तिनं वहीत हेल्पलाइनचे नंबर लिहिले आणि वही परत त्याच बॅगेत ठेवायला लागली. मी नुसतं बघितलं. तिनं ते पान फाडून माझ्या हातात दिलं. "घे, तुझ्याकडे असू दे."

दोघं सुखरूप परत आली. पान अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. तुमच्या घरी कुणी निघणार असेल, तर त्याच्याकडूनही असं एक पान मागून घ्या. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.