पंडिता रमाबाई: कामातून दिसलेली श्रद्धा

कुर्डुवाडीहून पुण्याला जाताना दौंड मागे पडलं, पाटस गेलं, की केडगाव येतं. या स्टेशनावरून आपण कितीदा तरी गेलो असू. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन इथलंच.

आज त्यांची आठवण निघाली ती आमच्या गटातल्या एका गोष्टीवरून. एक सदस्य दवाखान्यात होती. गटातली एक ख्रिस्ती ताई चार रात्री तिच्या उशाशी बसली, सकाळी तिच्या पोरांना भाकरी करून घातली. पुढच्या बैठकीत कुणीतरी हळूच म्हणालं, "यात हिचा काय हेतू असंल?" ताई काही बोलली नाही. आम्हीही गप्प बसलो, आणि तेच मनाला लागून राहिलं.

हा संशय रमाबाईंच्याही वाट्याला आला होता. त्यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, आईने रमाला. पुढे दुष्काळात आई, वडील आणि मोठी बहीण उपासमारीने गेली. लग्नानंतर दोन वर्षांतच पती वारले, पदरात लहानगी मनोरमा. १८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि तिथेच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

परत आल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. तिथे धर्म शिकवायचा नाही, मुलींनी आपापला आचार पाळावा, असं ठरलेलं होतं. पण रमाबाई स्वतःची प्रार्थना लपवत नसत. काही मुली त्या वेळी येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये मोठा वाद झाला. रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली, पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांना आपला विश्वास मोडला असं वाटलं. रमाबाईंना मात्र आपली श्रद्धा दार लावून पाळणं मान्य नव्हतं. त्याच सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिंदूच राहिल्या. त्या १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या.

मग आला १८९६-९७ चा दुष्काळ. आपला सोलापूर जिल्हाही त्यात होरपळला. उपाशी मरणं म्हणजे काय हे रमाबाईंना कुणी सांगायला नको होतं. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुली, बालविधवा घेऊन आल्या. केडगावच्या माळावर विहिरी खणल्या, शेती केली, गाईगुरं पाळली. मुक्ती मिशन उघडपणे ख्रिस्ती होतं, प्रार्थना रोजची होती. पण प्रार्थनेवरून उठलं की हाताला काम असे. कुणी मागावर बसे, कुणी शिवण शिके, कुणी दूधदुभतं बघे. अंध मुलींनाही वाचायला आणि हस्तकाम करायला शिकवलं जाई. छापखान्यात बायका स्वतः खिळे जुळवत. अडाणी बाईलाही कळावं म्हणून रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणलं. ते काम संपवून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी डोळे मिटले.

मैत्रिणींनो, त्यांचा धर्म आपला असेल किंवा नसेल. पण सकाळी जे नाव घ्यायचं ते दिवसभराच्या कामात दिसलं पाहिजे, हे त्यांनी जगून दाखवलं. आपल्याकडे वारकरी माउली शेतात खुरपताना विठ्ठलाचं नाव घेते, तेव्हा तिच्या मनात दुसरं काय असतं?

त्यानंतरच्या बैठकीत आम्ही ताईची सगळ्यांसमोर माफी मागितली. ती हसली, म्हणाली, "माफी कसली? पोरं उपाशी होती." आणि हप्त्यांची वही पुढे ओढून हिशेब लिहायला बसली.